नाकाचं ऑपरेशन केलं की मशीन सुटेल का?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. आमचे हे ४६ वर्षांचे आहेत. घरचा टेम्पो आहे. हंगामात तासगावहून द्राक्षं भरून रात्रीचे वाशी मार्केटला जातात. सर्दी यांच्या पाचवीलाच पुजलेली. सकाळी उठले की शिंकांवर शिंका, दिवसभर नाक चोंदलेलं. तीन वर्षांपासून मेडिकलमधून आणलेले नाकाचे थेंब खिशात असतात, ते घातल्याशिवाय झोप लागत नाही. घोरणं शेजारच्या घरात ऐकू जातं. पण खरी भीती वेगळी आहे. घोरता घोरता एकदम शांत होतात, श्वासच नसतो. मी हलवायला जाते तोवर दचकून, धापा टाकत उठतात. रात्री तीन-चारदा लघवीला उठतात, शुगर मात्र नॉर्मल आहे. बीपीच्या दोन गोळ्या चालू असून वरचा आकडा १५० च्या खाली येत नाही. मागच्या महिन्यात खंबाटकी घाटाच्या अलीकडे गाडी चालवताना डुलकी लागली. क्लीनरने ओरडून जागं केलं म्हणून वाचले.

घरी मशीन लावून झोपेची तपासणी केली. रिपोर्टमध्ये एएचआय ३४ आणि ऑक्सिजन सगळ्यात कमी ७६ टक्के आला. मास्कमधून दाबाने हवा सोडणारं सीपॅप मशीन ट्रायलला आणलं, तर तासाभरात मास्क काढून फेकला, जीव गुदमरतो म्हणाले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं की पडदा डावीकडे वाकडा आहे, आतले मांसल भाग सुजलेत, ऑपरेशन करू. चुलतदीर म्हणतात, नाकाच्या हाडाचं ऑपरेशन केलं की सगळं थांबेल, मशीनवर पैसे कशाला घालता? हे आता मोबाईलवर बघून तोंडाला चिकटपट्टी लावून झोपतात. सासूबाई म्हणतात, मामंजीही असेच घोरायचे, दमलेला माणूस घोरतोच. आम्ही ऑपरेशन करावं की मशीन घ्यावं? आणि धाकटा सात वर्षांचा आहे, तोही तोंड उघडं ठेवून घोरतो. त्याला वडिलांचंच लागलं असेल का?

एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर

ताई,

ती चिकटपट्टी आज रात्रीपासून बंद करा. नाक चोंदलेल्या माणसाला झोपेत श्वास घ्यायला उरलेली वाट म्हणजे तोंड. तेही चिकटवून टाकलं तर हवा जाणार कुठून? मोबाईलवर करून दाखवणाऱ्याचं नाक मोकळं असेल, तुमच्या यजमानांचं नाही. शिवाय त्यांचा ऑक्सिजन आधीच ७६ पर्यंत उतरतोय.

दुसरी गोष्ट सांगताना मी तुमच्या घरच्या मिळकतीला हात घालते आहे हे मला कळतं. तरी सांगते. उपचार लागू पडेपर्यंत यजमानांनी रात्रीचा टेम्पो चालवू नये. काही आठवडे बदली ड्रायव्हर बघा, भावकीतल्या कुणाला तरी विचारा. अ‍ॅप्नियाच्या माणसाला, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा हा आजार असलेल्याला, डुलकी येते ती सांगून येत नाही. डोळे उघडे असतात आणि मेंदू काही सेकंद झोपलेला असतो, घाटात तेवढे सेकंद पुरतात. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी ती थांबत नाही. अगदीच नाइलाजाने दिवसा चालवायची वेळ आली आणि पापण्या जड झाल्या, तर गाडी बाजूला लावून पंधरा-वीस मिनिटं झोपायचं, वेळ गेला तरी चालेल. ही सक्ती कायमची नाही. उपचार नीट घेतला की दिवसाची झोप पुष्कळदा काही दिवसांत ते काही आठवड्यांत कमी होते.

आता तुमचा मूळ प्रश्न. नुसत्या नाकाच्या ऑपरेशनने हा आजार जाणार नाही. आणि नाकाकडे न बघता नुसतं मशीन आणलं तर तेही कपाटावर पडून राहील. तुमच्या घरी दोन बाजू पडल्या आहेत, चुलतदीर ऑपरेशनच्या बाजूने आणि रिपोर्ट मशीनच्या बाजूने. दोन्ही लागतील अशी शक्यता आहे, पण आधी काय आणि नंतर काय हे ठरवायला हवं, आणि कुठल्या गोष्टीकडून किती अपेक्षा धरायची हेही.

रिपोर्टमधला आकडा आधी समजून घ्या. झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा पूर्ण थांबला किंवा फार उथळ झाला, ते एएचआय सांगतो. किमान १० सेकंदांचा अडथळा असेल तरच तो मोजतात. ५ च्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. ३४ म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा श्वास अडला. घरच्या तपासणीत हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच येण्याचा संभव असतो, कारण माणूस जागा पडलेला वेळही ते यंत्र झोपेत धरतं. तेव्हा सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की दमलेला माणूस घोरतो हे खरं, पण त्याचा श्वास थांबत नाही. मामंजींनाही हाच त्रास असण्याची शक्यता मला वाटते. जबड्याची आणि घशाची ठेवण घराण्यात उतरते.

लघवीला उठणं आणि न उतरणारं बीपी हीसुद्धा याच आजाराची लक्षणं असू शकतात. घसा मिटलेला असताना छाती हवा ओढायला जोर लावते. त्या ओढीने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय, आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायचा निरोप देणारं संप्रेरक सोडतं. म्हणून शुगर नॉर्मल असूनही रात्री चारदा उठावं लागतं. बीपीचंही तसंच. ऑक्सिजन उतरला की दर वेळी शरीर घाबरून अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं सोडतं, नाडी आणि रक्तदाब दोन्ही उसळतात, आणि हे रात्रभर चाललेलं असतं. बीपीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका.

नाकाचा याच्याशी संबंध काय?

श्वासनलिकेपर्यंतच्या वाटेत हवेला जेवढा अडथळा होतो, त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या नाकात होतो. निरोगी माणसाच्यासुद्धा. आडवं पडलं की नाकातल्या शिरांत रक्त साचून तो आणखी वाढतो, आणि ज्या कुशीवर झोपावं त्या बाजूची नाकपुडी जास्त बंद होते. ज्याला मुळातच अ‍ॅलर्जीची सूज आहे, पडदा वाकडा आहे किंवा नाकात कोंब आहेत, त्याला रात्री आठ वाजता बरं वाटत असलं तरी बारा वाजता नाक गच्च होतं.

घशाला हाडाचा आधार नाही. टाळूच्या मागचा भाग, पडजीभ, जिभेचं मूळ, बाजूच्या भिंती हे सगळं स्नायूंनी ताणून उघडं धरलेलं असतं आणि झोपेत स्नायू सैल पडतात. कागदी नळीने उसाचा रस पिताना नळीचं खालचं टोक बर्फाच्या खड्याने बंद झालं आणि आपण जोरात ओढलं की ओली नळी मध्येच चपटी होते. नाक बंद आणि घसा सैल असलेल्या माणसाच्या घशाचं तेच होतं. अडथळा नाकात असतो, मिटतो मात्र घसा.

मग माणूस तोंड उघडतो. त्याने सुटका होईल असं वाटतं, पण तोंड उघडलं की खालचा जबडा मागे सरकतो, त्याच्याबरोबर जीभ मागे जाते आणि घशातली जागा आणखी कमी होते. कॅनडात २००३ साली निरोगी माणसांना एकदा फक्त नाकाने आणि एकदा फक्त तोंडाने श्वास घेत झोपवून पाहिलं. तोंडाने श्वास घेताना हवेला होणारा अडथळा दुपटीहून अधिक झाला आणि धडधाकट माणसांतसुद्धा श्वास अडण्याचं प्रमाण खूप वाढलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मोठ्या पाहणीतही दिसलं की अ‍ॅलर्जीने नाक चोंदणाऱ्यांना मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असण्याची शक्यता इतरांच्या १.८ पट होती. तेव्हा सर्दीला "असतेच ती" म्हणून सोडून देणं बरोबर नव्हतं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

मग नाक मोकळं केलं की सगळं सुटायला हवं, असं कुणालाही वाटेल. तिथेच चुलतदीरांचा हिशेब चुकतो. घसा मिटायला नाक हे एक कारण आहे, एकमेव नाही. मानेभोवती साठलेली चरबी, मागे असलेला लहान जबडा, जाड जीभ, वय, पाठीवर झोपणं हे सगळं तिथे उरतंच. डब्लिनमधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये जुनाट सर्दी असलेल्या अ‍ॅप्नियाच्या रुग्णांना नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे दिला. तासाला ३० च्या आसपास असलेला आकडा २३ च्या आसपास आला. फायदा झाला, पण आजार गेला नाही. पडद्याच्या ऑपरेशनचंही तसंच आहे. ऑपरेशननंतर माणसाला मोकळं वाटतं, झोप शांत लागते, दिवसाची गुंगी कमी होते, पण तपासणी पुन्हा केली की एएचआय बहुतेकांचा फारसा हललेला नसतो. ३४ च्या माणसाचा तर नाहीच. मला या ऑपरेशनबद्दल खरी भीती वाटते ती इथे. बरं वाटतंय म्हणून माणूस मशीन परत करतो, टेम्पोवर चढतो, आणि श्वास रात्री पूर्वीसारखाच थांबत राहतो.

मग ऑपरेशन कशासाठी? मशीन लावता यावं म्हणून. सीपॅप हे यंत्र सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणलं. त्याआधी तीव्र अ‍ॅप्नियावर गळ्याला भोक पाडून नळी घालण्याखेरीज खात्रीचा उपाय नव्हता. त्यांनी हवा सोडली ती नाकातून. दाबाने आलेली हवा घसा आतून उघडा धरते, आणि तिची वाट नाकावरून जाते. तुमच्या यजमानांचं नाकच बंद होतं, म्हणून ती हवा त्यांना अंगावर आल्यासारखी झाली. मास्क फेकला हा त्यांचा हट्ट मानू नका, कुणीही फेकला असता. नाकातला अडथळा काढला की मशीनला लागणारा दाब सरासरी दोनेक सेंटिमीटरने (हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात) कमी होतो, आणि लावणाऱ्याला तो फरक जाणवतो. तोंडात बसवायचं, जबडा पुढे धरणारं उपकरण मिळतं, तेही नाक बंद असेल तर नीट काम करत नाही.

आधी नाक, तेही औषधांनी

मी तुमच्या जागी असते तर ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी सहा ते आठ आठवडे नाकाचा मन लावून उपचार केला असता. तीन वर्षं थेंबांवर असलेल्या नाकाचा खरा अंदाज स्कॅनमध्येही येत नाही.

ते थेंब झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे असतील. बाटलीवर बघा. ते पाच-सात दिवसांपुरते असतात. त्याहून जास्त वापरले की उतरताना सूज पहिल्यापेक्षा मोठी येते, म्हणून पुन्हा थेंब, पुन्हा सूज. आतले मांसल भाग सुजलेत त्यात या थेंबांचा वाटा मोठा असणार, असं मला पत्र वाचून वाटतं. बीपीच्या माणसाला ते तसेही चांगले नाहीत. ते सोडवण्याची एक रीत अशी: डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टिरॉइड स्प्रे दोन्ही बाजूंना सुरू करायचा, थेंब आधी एका नाकपुडीत बंद करायचे, ती सुटली की दुसरीत. पहिले आठ-दहा दिवस हाल होतील. त्या दिवसांत चिडचिड केली तर सांभाळून घ्या, उशाशी बाटली मात्र ठेवू नका.

स्टिरॉइड म्हटल्यावर घरात कुजबूज होईल. फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांसारख्या स्प्रेमधून रक्तात जाणारं औषध अगदी नगण्य असतं. गोळ्यांच्या स्टिरॉइडशी त्याची तुलना करू नका. मात्र हा स्प्रे थेंबांसारखा पाच मिनिटांत गुण देत नाही, पूर्ण गुण यायला दोन आठवडे किंवा थोडे अधिक लागतात. बरेच जण आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात. मारायची पद्धत महत्त्वाची आहे. मान किंचित पुढे झुकवायची, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारायचा, टोक मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेर, त्याच बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने. हलकेच श्वास घ्यायचा. जोरात ओढलं तर औषध घशात जातं. पडद्यावर मारला तर रक्त येतं, आणि मग स्प्रेला दोष लागतो.

स्प्रेच्या आधी नाक मिठाच्या पाण्याने धुवावं, जलनेती करतात तसं. साधारण २४० मिली पाण्यात अर्धा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं, बोअरचं, विहिरीचं पाणी तसंच नाकात घालू नका. अशा पाण्यातून मेंदूपर्यंत जाणारा एक दुर्मीळ पण जीवघेणा अमीबा असतो. धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे.

सकाळच्या शिंकांचं मूळ बहुधा अंथरुणात आहे. गादी, उशी, वाकळ यांत धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात आणि अ‍ॅलर्जी त्यांच्या विष्ठेची असते. वाकळ, चादर, उशीचे अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, उशी-गादीला घट्ट विणीचं कव्हर घाला. झोपायच्या खोलीत डासांची कॉइल आणि उदबत्ती नको, मच्छरदाणी लावा. घराभोवती गाजरगवत असेल तर फुलोरा यायच्या आत काढून टाका, पण ते काम यजमानांकडे देऊ नका. बागेत गंधकाची धुरळणी चालू असताना माल भरायला त्यांनी उभं राहू नये, राहावंच लागलं तर मास्क लावावा आणि घरी आल्यावर नाक धुवावं.

एक गोळी तेवढी टाळा. सर्दीच्या साध्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्याने गुंगी येते. आधीच झोप न झालेला ड्रायव्हर आणि वर ही गोळी! गुंगी कमी आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या मिळतात, डॉक्टरांकडून त्या लिहून घ्या.

मग मास्क, पण नव्याने

थेंब सुटले आणि स्प्रेला तीन-चार आठवडे झाले की मशीन पुन्हा भाड्याने आणा. या वेळी थेट झोपताना लावू नका. संध्याकाळी बातम्या बघताना अर्धा तास, जागेपणी. दोन-चार दिवसांनी दुपारच्या झोपेत. मग रात्री. मशीन देणाऱ्याला दोन गोष्टी आवर्जून विचारा: हवा गरम आणि दमट करणारं ह्युमिडिफायर आहे का, आणि दाब हळूहळू चढवायची सोय चालू आहे का. सर्दीच्या नाकाला कोरडी गार हवा लागली की ते आणखी सुजतं. नाक जेमतेम मोकळं असलं तरी नाकाचाच मास्क आधी वापरून बघा. तोंड-नाक दोन्ही झाकणारा मोठा मास्क सोपा वाटतो, पण तो जबड्याला मागे दाबतो, त्याला दाबही जास्त लागतो आणि लोक तो लवकर सोडतात. यजमानांना जाड मिशी असेल तर मास्कखालून हवा गळते. नाकपुड्यांत बसणाऱ्या मऊ उशांचा प्रकार अशा वेळी बरा पडतो. पुढे पुन्हा लांबच्या खेपा सुरू झाल्या आणि केबिनमध्ये झोपायची वेळ आली तर गाडीच्या बॅटरीवर चालणारी छोटी मशीनही मिळतात. दर रात्री किमान चार तास लागलं तर त्याला वापर म्हणतात, पण चारवर समाधान मानू नका. पहाटेच्या झोपेत श्वास सर्वांत जास्त अडतो, तेव्हाच बरेच जण मास्क काढून ठेवतात.

हे सगळं मनापासून करूनही नाक उघडलं नाही, मास्क सहनच होत नाही, तर पडद्याचं आणि सुजलेल्या भागांचं ऑपरेशन जरूर करा, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात हा झोपेचा रिपोर्ट द्या, तोंडी सांगू नका. ऑपरेशननंतर रक्त थांबावं म्हणून नाकात पॅक, म्हणजे बोळे, घालतात तेव्हा एक-दोन रात्री दोन्ही नाकपुड्या बंद असतात, त्यात भुलेचा अंमल आणि जोरदार वेदनाशामकं. अ‍ॅप्नियाच्या माणसासाठी त्या रात्री सर्वांत जोखमीच्या. त्याच दिवशी घरी सोडू नका, रात्रभर बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून ठेवा, अशी विनंती करा. पॅक न घालता टाक्यांवर भागेल का, किंवा मधून हवा जाणारी पट्टी घालता येईल का, हेही विचारा. अनेक सर्जन तसं करतात. मशीन पुन्हा कधी लावायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि तीनेक महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा करा. मशीन ठेवायचं की सोडायचं हे फक्त त्या दुसऱ्या रिपोर्टवरून ठरवायचं. घोरणं थांबलं, बरं वाटतंय, शेजारी तक्रार करत नाहीत, यावर नाही.

वजनाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते असेल तर दहा टक्के वजन उतरलं की एएचआय साधारण पाव हिश्शाने कमी होतो, असा अंदाज आहे. पाठीवर झोपू देऊ नका. संध्याकाळी दारू घेत असतील तर ती पूर्ण बंद, तिने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. झोपेच्या गोळ्याही नकोत. शंख फुंकण्याचा उपाय कुणी सुचवला तर हसू नका. जयपूरच्या डॉक्टरांनी मध्यम अ‍ॅप्नियाच्या मोजक्या रुग्णांवर सहा महिने करून पाहिला आणि दिवसाची झोप कमी झाली. घरच्या पूजेत करावा, जरूर करावा. पण तीव्र अ‍ॅप्नियात मशीनच्या जागी नाही.

आणि धाकटा

त्याचं सगळं वेगळं आहे, आणि इथे मी तुम्हाला दिलासा देऊ शकते. सात वर्षांच्या मुलात तोंड उघडून घोरण्याचं मुख्य कारण बहुधा नाकाच्या मागे वाढलेली अ‍ॅडेनॉइडची गाठ आणि मोठे टॉन्सिल हे असतं. मोठ्यांत ऑपरेशनने अ‍ॅप्निया क्वचितच जातो, मुलांत अ‍ॅडेनॉइड-टॉन्सिल काढल्यावर बहुसंख्य मुलं सुधारतात. तो वडिलांवर गेलाय म्हणून वाट बघत बसू नका. मुलांत तासाला एकापेक्षा जास्त वेळा श्वास अडणंही जास्तच समजतात, मोठ्यांचा पाचाचा आकडा त्यांना लागू होत नाही. सतत तोंडाने श्वास घेत वाढलेल्या मुलाचा टाळू अरुंद आणि उंच होतो, दात पुढे येतात.

तो मध्येच अंथरूण ओलं करतो का, वर्गात पेंगतो किंवा उलट एका जागी बसतच नाही का, ऐकायला कमी येतं का, हे शाळेच्या बाईंना विचारून ठेवा. मुलं झोप झाली नाही की पेंगण्याऐवजी पुष्कळदा चळवळी होतात, आणि घरात त्यांना खोडकर म्हणून बोलणी बसतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर तपासून आधी काही आठवडे मुलांसाठीचा नाकाचा स्प्रे देऊन बघतील, गरज वाटली तर एक्स-रे किंवा दुर्बिणीने गाठ बघतील. तो ज्या रात्री जास्त घोरेल त्या रात्री अंगावरचं पांघरूण बाजूला करून, छाती आणि तोंड दोन्ही दिसतील असा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि तपासणीला जाताना मोबाईल बरोबर न्या.